शेजाऱ्यांकडची चौकशी

एश्बॉर्नला राहायला आल्यावर वर्षभरातच मी जर्मनांपेक्षा जास्त जर्मन झालो होतो. रविवारी कुणी भिंतीला ड्रिल लावलं की मी घड्याळ बघायचो. हिरव्या काचेसाठीच्या कचऱ्याच्या डब्यात कुणी पांढरी बाटली टाकलेली दिसली तर हात घालून बाहेर काढायचो. बायको म्हणायची, "अहो, इथली पालिका पगार देते का तुम्हाला?" मला ते कौतुकच वाटायचं. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत कन्सल्टंट होतो, मुलगी किंडरगार्टनमधून रोज थोडं जर्मन घरी आणत होती, आणि आम्ही एका जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो.

समोरच्या घरात एक थाई बाई आणि तिचा जर्मन नवरा. ती तिशीची, तो पंचावन्नच्या पुढचा. ओळख झाली ती मूर्तीमुळे. एकदा आमचं दार उघडं होतं, आतल्या टेबलावरचा बुद्ध तिला जिन्यातून दिसला आणि हातातल्या पिशव्या पायरीवर ठेवून ती हात जोडून उभी राहिली. मी नागपूरचा, आमच्या घरी बुद्धवंदना लहानपणापासूनची. पण परक्या देशात, परक्या बाईने आमच्या दारात असं थांबावं, हे बघून मला भरून आलं. त्या दिवसापासून ती आम्हा दोघांना 'पी' म्हणू लागली. त्यांच्याकडे थोरल्या भावालाही पी म्हणतात आणि थोरल्या बहिणीलाही. महिन्यातला एखादा रविवार आम्ही एकत्र थाई विहारात घालवायचो. शीलं तिथेही पालीतच म्हणतात. उच्चार इतके वेगळे की सुरुवातीला आपली वाटत नाहीत, पण चौथ्या शिलापर्यंत कान सरावतो.

तिचा नवरा आठ वर्षं थायलंडमध्ये राहून आलेला होता. बाल्कनीत बियर घेऊन बसला की तिथल्या पोलिसांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. हेल्मेट नाही म्हणून पकडलं तर हसायचं, चार शब्द थाई बोलायचे, चहापाण्याचं बघायचं, की तोच पोलीस पुढचा रस्ता दाखवतो. "तिथे पोलीस माणूस असतो," तो म्हणायचा, "इथे तो नुसता कागद असतो." मी लगेच तावातावाने भांडायला उठायचो. आमच्याकडेही हेच चालतं, त्याला कंटाळूनच तर मी इथे आलो, इथला पोलीस आधी 'गुटन टाग', म्हणजे नमस्कार म्हणतो आणि मग बोलतो, वगैरे वगैरे. ती एका कोपऱ्यात कच्ची पपई किसत ऐकत असायची. एकदा मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? तिचं जर्मन मोडकंतोडकं होतं. ती म्हणाली, "तिथे पोलीस आला की मला कळतं, त्याला काय पाहिजे. इथे गोड बोलतात. पण काय पाहिजे ते कळत नाही." आम्ही दोघे पुरुष हसलो. मी जरा जास्तच हसलो.

नवरा हिवाळ्यात थायलंडला जायचा. थंडीने त्याचे सांधे धरत. त्या वर्षी नोव्हेंबरात तो एकटाच गेला, कारण तिला एका हॉटेलात साफसफाईचं काम मिळालं होतं आणि ते सोडायचं नव्हतं. "एप्रिलमध्ये येईल," तिने आम्हाला सांगितलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून, चहा पिताना सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी ते विसरल्याचं सोंग केलं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बेल वाजली. दारात एक पुरुष आणि एक बाई, दोघांच्या हातात ओळखपत्रं. आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे आम्हा परदेशी लोकांचे व्हिसे बघणारं ऑफिस. त्याच ऑफिसात माझा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तीन महिने पडून होता. क्षणभरात मी आयुष्यातले सगळे गुन्हे आठवले, त्यात एकदा बिनतिकिटाची चुकून केलेली दोन स्टेशनंही आली. मग त्या बाईने हसून विचारलं, "समोरचे गृहस्थ इथे राहतात का?"

आपल्यासाठी आलेले नाहीत! इतकं हायसं वाटलं की माझी जीभच सैल सुटली. मला जे माहीत होतं ते एका वाक्याचं होतं: ते हिवाळ्यात बाहेर असतात, एप्रिलमध्ये येतात. किंवा नुसतं 'त्यांनाच विचारा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "नोव्हेंबरपासून मी त्यांना पाहिलेलं नाही." तिथेही थांबलो नाही. दाराबाहेर आधी बुटांचे दोन जोड असायचे, आता एकच असतो, हे सांगितलं. गाडी पार्किंगमध्ये दिसत नाही, हेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. ती बाई लिहून घेत होती. पुरुषाने विचारलं, "ते परत येणार आहेत असं काही कानावर आलंय?" मी म्हणालो, "त्याबद्दल मी खात्रीने काही सांगू शकत नाही."

निघताना तो म्हणाला, तुमचं जर्मन फार छान आहे. आणि मला बरं वाटलं. ते लिहितानाही लाज वाटते, पण त्या क्षणी मला खरोखर बरं वाटलं होतं.

दार लावून वळलो तर बायको स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी. हातात पोळीचं पीठ तसंच.

"एप्रिलमध्ये येणार म्हणाली होती ना ती?"

"मी खोटं कुठे बोललो?" मी म्हणालो. "चौथं शील आहे की नाही? खोटं बोलायचं नाही."

"मग पूर्ण खरं सांगायचं होतं की. अर्धं कुणासाठी ठेवलंत?"

मी चिडलो. तुला इथलं काही कळत नाही, आपलाही अर्ज तिथेच आहे, असं काहीबाही बोललो. तिने ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटायला गेली. त्या रात्री जेवताना मला आमची नागपूरची शेजारीण आठवली.

माझा पासपोर्ट काढला तेव्हाची गोष्ट. घरी चौकशीला हवालदार आला होता. अर्जात लिहिलेलं की मी वर्षभर याच पत्त्यावर राहतो. प्रत्यक्षात मी पुण्याला हॉस्टेलवर होतो आणि त्या वर्षात घरी जेमतेम पंधरा दिवस आलो असेन. शेजारच्या काकू बाहेर आल्या, कमरेला पदर खोचलेला, आणि हवालदाराला म्हणाल्या, "अहो, रोज सकाळी इथूनच जातो की तो! सोन्यासारखं पोरगं आहे." सही ठोकली आणि वर त्याला सरबतही पाजलं. काकूंच्या त्या एका खोट्यावर मी जगाच्या पाठीवर इतका लांब आलो होतो. जर्मनीत मित्रांना मी हाच किस्सा सांगायचो, आपल्याकडे कायदा कसा धाब्यावर बसवतात त्याचा नमुना म्हणून. लोक हसायचे.

फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळनंतर पंधरा दिवसांनी समोरची बाई पत्र घेऊन आली. तिला सरकारी जर्मन वाचता येत नसे, तशी सगळी पत्रं ती माझ्याकडेच आणायची. लग्नाच्या व्हिसावर आलेल्या बाईने नवऱ्याबरोबर इथे दोन वर्षं संसार केला की मग तिला स्वतःच्या हक्काने राहता येतं, असा तेव्हाचा नियम. तिची दोन वर्षं जूनमध्ये भरत होती. पत्रात लिहिलं होतं की नवराबायको एकत्र राहत नाहीत असं दिसतं, तरी तुम्हाला काय म्हणायचं आहे ते लेखी कळवा. आणि मधोमध एक वाक्य होतं, की शेजाऱ्यांकडे केलेल्या चौकशीतून असं समजलं आहे.

मी सोप्या भाषेत तिला सगळं समजावलं. ते एक वाक्य गाळलं. बायको मागे भांडी पुसत होती, तिचा हात थांबला.

"पण पी, त्यांना कसं कळलं?"

"त्यांच्याकडे माहिती असते."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "खालची म्हातारी. ती दिवसभर खिडकीत असते."

तळमजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक जर्मन आजी एकट्या राहत. गुडघे गेलेले. पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट त्यांना उचलत नसे, तो ही थाई बाई न चुकता त्यांच्या दारात ठेवायची, आणि शनिवारी बिनमिरचीचं सूप. एवढंच म्हणायचं होतं, की आजी नव्हेत, मी. तीन शब्द. मी म्हणालो, "असू शकेल."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "सांगा तिला. मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्हीच सांगायचं." मी म्हणालो, सांगतो. रोज सांगणार होतो. आधी वाटलं, तिचं उत्तर ऑफिसला जाऊ दे, मग सांगू. उत्तर मीच लिहून दिलं, फार मन लावून लिहिलं, तिने दोन्ही हात जोडून आभार मानले. मग वाटलं, नवरा एप्रिलमध्ये आला की सगळं आपोआपच मिटेल. एप्रिल आला, नवरा आला नाही. फोनवर तो म्हणे, इथे हवा चांगली आहे, एवढ्यात यायचं जमणार नाही, आणि दोन ओळींचं पत्र लिहायचाही त्याला कंटाळा. तो तिच्या देशात आरामात परदेशी म्हणून राहत होता, तिथल्या पोलिसांशी हसत होता. इकडे तिला मे अखेरपर्यंत जर्मनी सोडायला सांगणारं पत्र आलं. त्याच आठवड्यात माझा कायमचा परवाना आला. बायकोने तो न बघताच कपाटात ठेवला.

आजी मला तळघरात भेटल्या, कपडे धुण्याच्या मशीनपाशी. त्या मला नेहमी 'हेर नाखबार' म्हणत, म्हणजे शेजारीबुवा. "हेर नाखबार, त्या मुलीला झालंय काय? मला बघितलं की मान फिरवते. माझं काही चुकलं का?"

मी म्हणालो, तिला व्हिसाचा ताण आहे.

"हो, ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या. "माझ्याकडेही आले होते ते दोघे. मी सांगितलं, अहो, तो राहतो की इथे! रोज सकाळी जिन्यात खोकतो, माझी झोपमोड होते." त्या मिश्कील हसल्या. "असल्या लोकांना कुणी काही सांगतं का हो?"

मी मशीनमध्ये पावडर टाकत राहिलो. किती टाकली कोण जाणे, फेस दारातून बाहेर आला. लाजेने अंग गरम होतं म्हणतात ते मला तिथे कळलं. एका जर्मन म्हातारीने, माझ्या काकूंसारखं, बेधडक खोटं बोलून त्या मुलीला सांभाळायचा प्रयत्न केला होता, आणि मी शीलवान माणूस! तरीही वर जाऊन मी समोरची बेल दाबली नाही. दारापर्यंत गेलो, तिचा बुटांचा एक जोड बघितला, आणि घरात शिरलो.

ती गेली तो शनिवार होता. विमान दुपारी दोनचं, आणि आम्ही नऊ वाजताच निघालो. बायकोने तिला दारातच मिठी मारली आणि आत निघून गेली, खाली आली नाही. मुलीने विचारलं, ती कधी येणार, तेही जर्मनमध्ये, आणि मी मराठीत सांगितलं, लवकर. तिची मोठी बॅग मी उचलली, तिने लहान घेतली. जिन्यात ती म्हणाली, "पी, या देशात तूच एक माझा माणूस." मी बॅगेचा हात बदलला.

तळमजल्यावर आजी दार उघडून उभ्या होत्या. चांगला फ्रॉक घातलेला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते पुढे केलं. "मुली," त्या म्हणाल्या, "हे तुझ्यासाठी."

ती थांबली. पाय थांबले, पण मान वर झाली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, काय करू असं विचारल्यासारखं. आजीही माझ्याकडेच बघत होत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि त्या दोघी त्यासाठी थांबल्या होत्या.

"चल," मी म्हणालो, "गाडी चुकेल."

ती पुढे झाली. आजींचा हात तसाच राहिला. एश्बॉर्नहून एस-बान, म्हणजे इथली लोकल, दर पंधरा मिनिटांनी सुटते.