चाकांचा ताप बघणाऱ्या अक्का

गाडीतून उतरल्यावर अक्का आधी पर्स घ्यायच्या नाहीत, की पदर सावरायच्या नाहीत. आधी गाडीभोवती एक फेरी मारायच्या आणि प्रत्येक चाकाशी वाकून उलटा हात लावायच्या, लहान मुलाच्या कपाळाला लावतात तसा. देऊळ असो की लग्नाचा हॉल, अंगावर रेशमी साडी असो की घरची, त्यात बदल नाही. बघणारे हसायचे. "हसू देत की," त्या म्हणायच्या. "तिला बोलता येत नाही. ताप आलाय का ते आपणच बघायचं."

नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला गेले तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. त्यांचं घराणं तिथं इतक्या पिढ्यांपासूनचं, की त्यांच्या मराठीत कानडी कुठं सुरू होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या इंग्रजीमिश्रित मराठीला त्या हसायच्या, त्यांच्या 'स्वल्प थांब'ला मी. ती जुनी पांढरी गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर, सगळे नको नको म्हणत असताना, अक्का चालवायला शिकल्या. हॉर्न मात्र कधी वाजवायच्या नाहीत. काच खाली करून "अण्णा, स्वल्प सरका" म्हणायच्या, आणि आश्चर्य म्हणजे लोक सरकायचे.

दर दसऱ्याच्या आयुधपूजेला गाडी धुऊन, हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवायची हे तिथं सगळेच करतात. अक्कांची त्यात खास भर होती. चटई अंथरून त्या चाकाच्या मागे हात घालायच्या आणि ब्रेकच्या रबरी नळ्यांना खोबरेल तेल चोळायच्या. अमावास्येला गाडीपुढं टांगलेलं लिंबू बदलतानाही एकदा हात फिरवायच्याच. नळ्या कशा काळ्याभोर चकाकायच्या. "यजमान म्हणायचे, ब्रेकचा जीव या नळ्यांत असतो," त्या मला सांगायच्या. "मग जीवाला कोरडं ठेवायचं होय?" मला ते इतकं पटायचं, की मीही एकदा बाटली धरून उभी राहिले होते.

मग पुढचं डावं चाक तापायला लागलं. गाडी डावीकडे ओढायची, करपल्यासारखा वास यायचा. ब्रेकचे पॅड बदलून झाले, तरी ताप हटेना. एका संध्याकाळी तर उड्डाणपुलावर ते चाक असं जाम झालं, की मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ झाला. अक्कांचा मुलगा गिरीश इंदिरानगरहून धावत आला. घाबरला होता बिचारा, म्हणून आवाज चढला. "अम्मा, आता एकदा जरी अडकलीस तर गाडी विकायची."

"सरी," अक्का म्हणाल्या, म्हणजे 'बरं'. एवढंच. जिना चढताना मात्र माझा हात धरून म्हणाल्या, "गाडी गेली की मी पार्सल होणार बघ. हा नेईल तिथं जायचं, हा आणेल तेव्हा परत यायचं."

शेवटी आम्ही पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, यजमानांच्या ओळखीच्या शिवण्णा मेकॅनिककडे गेलो. त्यांनी चाक काढलं, नळी दोन बोटांत दाबली, आणि बोटं नाकाशी नेली. मग ते अक्कांशी कानडीत बराच वेळ, फार हळू आवाजात बोलले. अक्कांनी मला सांगितलं ते एवढंच. तेलानं रबर मऊ पडून फुगलं होतं, नळी आतून आवळली होती. पाय दाबला की ब्रेक लागायचा, पाय काढला तरी सुटायचा नाही.

"चांगलं करायला गेले आणि तिचाच गळा धरला की मी," अक्का म्हणाल्या, आणि स्टुलावर बसून राहिल्या. त्यांचं तोंड बघून मला रडू आलं.

शिवण्णांनी तेल लागलेल्या सगळ्याच नळ्या बदलल्या. नव्या नळ्यांतली हवा काढायला कुणीतरी ब्रेक दाबायला हवा होता. अक्का उठल्या, पदर खोचला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. खालून "ओत्ती" आलं की दाबायचं, "बिडी" आलं की सोडायचं. दुसऱ्या कुणाला त्यांनी पाय लावू दिला नाही. पाय भरून आला तरी नाही.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला सवयीनं तेलाची बाटली बाहेर आली. अक्का चटईवर बसल्या, बाटलीकडे बघितलं आणि ती माझ्या हातात दिली. "जा, तुझ्या केसांना लाव." मग त्यांनी कोरड्या फडक्यानं एकेक नळी पुसली, कुठं भेग, कुठं फुगवटा नाही ना ते बोटांनी बघितलं, आणि कुंकू लावलं ते बॉनेटला.

पुढच्या वर्षी मी पुण्याला परत निघाले. स्टेशनवर सोडायला अक्काच आल्या, अर्थात स्वतः चालवत. गिरीश मागच्या सीटवर माझी बॅग मांडीवर घेऊन बसला होता. वाटेत सगळे सिग्नल लागले, चढ लागले, अक्का एकदाही अडकल्या नाहीत. स्टेशनशी गाडी थांबली. अक्का सीट बेल्ट काढत होत्या, तोवर गिरीश खाली उतरला. बॅग तशीच सीटवर ठेवून तो गाडीभोवती फिरला आणि वाकून चाकांना उलटा हात लावत गेला. पुढच्या डाव्या चाकाशी जरा जास्त थांबला.

"सगळी सारखीच आहेत, अम्मा," तो म्हणाला. "जाताना मला घरी सोडशील?"

"सरी," अक्का म्हणाल्या. "आधी तिची बॅग काढ."