रेक्झिनचे बाण

गावातले निम्मे मोटारसायकलवाले सीटवालीच्या शिलाईच्या टाक्यांवर बसून फिरत होते, आणि ती स्वतः मात्र वयाची सत्तेचाळीस वर्षं झाली तरी कायम मागेच बसत आली होती. पुढे नवरा, मागे ती, आणि तिच्या मांडीवर नाहीतर पाठीला रबरी दोरीनं करकचून बांधलेल्या सीटा.

दोघांचं काम ठरलेलं होतं. सकाळी नवरा नदीपलीकडच्या गॅरेजांतून फाटक्या सीटा गोळा करून आणायचा, जुनं कव्हर पक्कडीनं ओरबाडून काढायचा आणि फोम तासायचा. ती रेक्झिन बेतायची, कापायची, शिवायची. संध्याकाळी तो कव्हर ताणून पिना मारायचा आणि सीटा पोचत्या करायचा. गॅरेजवाल्यांचा एकच हट्ट होता, सकाळी नेलेली सीट दिवस मावळायच्या आत परत पाहिजे. त्यांची तरी काय चूक? गिऱ्हाईक बोडक्या गाडीपाशी तोंड पाडून उभं असायचं, आणि समोरच्या दुकानात तयार कव्हरं टांगलेली असायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर नवऱ्याच्या उजव्या डोळ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली तर हा पहिल्या ओळीतच अडखळला. रस्त्यानं चाला, गप्पा मारा, पिना मारा, पण गाडीचं लायसन आता पुन्हा मिळायचं नाही, असं त्यांनी साफ सांगून टाकलं. लायसनची मुदत महिनाअखेरीला संपत होती. पोरगं परगावी नोकरीला, घरात तिसरं माणूस नाही. सीटा आणायला-पोचवायला कुणी नसलं तर शिलाई मशीन बंदच पडायचं. मशीन बंद म्हणजे सगळंच बंद.

"मग तूच शीक की," फोम तासता तासता नवरा म्हणाला.

ती हसली. तो हसला नाही, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ही बातमी नणंदेला कळायला किती वेळ लागणार? दुसऱ्याच दिवशी ती दारात हजर झाली. "वहिनी, तू चालवणार? मग दादाच्या डोक्याला हेल्मेट पुरायचं नाही. त्याच्या सबंध अंगालाच फोम गुंडाळ."

"गुंडाळते. कव्हरपण शिवते वरून," सीटवाली म्हणाली आणि मशीनचं पायडल जरा जोरातच दाबलं.

लायसनची रीत अशी होती, आधी कॉम्प्युटरवर वीस प्रश्न, त्यातले पंधरा बरोबर यायला हवेत. ते जमलं तर त्याच दिवशी मागच्या मैदानात आठाच्या आकड्यात गाडी चालवून दाखवायची. प्रश्नांचं पुस्तक तिनं दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून तिनं छापील मजकुराशी फारसं सूत जमवलं नव्हतं. पण चित्रं बघून तिला जरा धीर आला. तिथं त्रिकोण होते, गोल होते, वाकडेतिकडे बाण होते. हे आपल्या ओळखीचं प्रकरण आहे, असं तिला वाटलं. जे हातानं कापलं ते तिच्या डोक्यात कायमचं बसायचं, गावातल्या प्रत्येक गाडीच्या सीटचा बेत तिला तसाच पाठ होता.

मग तिनं पुस्तकातली चित्रं मोठी करून पुठ्ठ्यावर उतरवली, उरल्यासुरल्या रेक्झिनवर ठेवून आखली आणि कापली. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूनं नाव लिहिलं. डावं वळण, उजवं वळण, उजवीकडे वळू नये. आठवडाभर ती मशीनवर आणि नवरा समोर, असा अभ्यास चालला. तो तुकडा वर धरायचा, ती टाका न सोडता उत्तर द्यायची, तो आपल्या बाजूची खडूची अक्षरं बऱ्या डोळ्यानं वाचून "बरोबर" म्हणायचा. शेवटी शेवटी तर एकही चूक होईना. नवरा कौतुकानं म्हणाला की तिला विचारून विचारून आता त्याचेच हात दुखायला लागलेत.

परीक्षेला ती नवी साडी नेसून गेली. पडद्यावर प्रश्न आले तशी तिची बोटं चालली. वेग, दिवे, शाळेजवळचा रस्ता, सगळं खडाखडा. बाण आले तेव्हा तर तिनं विचारसुद्धा केला नाही. शेवटी पडद्यावर आकडा आला, तेरा.

परीक्षा घेणाऱ्या बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत होत्या. चुकलेले सातच्या सात प्रश्न बाणांचे होते. "ताई, बाकी सगळं चोख आहे. तेवढं डावं-उजवं शिकून या," त्या म्हणाल्या. रागावून नाही, सहजच म्हणाल्या. पण मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते सीटवालीच्या कानात घरापर्यंत वाजत राहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसता येणार होतं. ती तारीख चुकली, तर थेट महिन्यानंतर.

घरी आल्या आल्या नवऱ्यानं तुकड्यांची पिशवी ओतली आणि तिला पुन्हा सगळे विचारले. सगळे बरोबर. कॉम्प्युटरच बिघडला असणार, असा निकाल त्यानं देऊन टाकला. तिलाही ते पटत आलं होतं. पण मनात कुठंतरी टोचत होतंच, म्हणून तिनं त्याच्या हातातला बाण हिसकावून घेतला. खडूची बाजू वर होती. "उजवं वळण", आणि बाण उजवीकडे. तिनं तुकडा पालथा केला. बाण डावीकडे. पुन्हा पालथा केला. उजवीकडे.

तिनं दुसरा बाण उचलून पालथा केला, तोही तसाच.

रेक्झिनच्या चकचकीत अंगावर कधी खडू चालवायचा नाही, आखायचं ते नेहमी पाठीवर, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. सीटच्या कामात त्यानं काही बिघडत नाही. डाव्या बाजूची पट्टी कापली की उजवीचीही कापायची असतेच, जोडी बरोब्बर जमते. पण बाणाला कुठली जोडी? त्याला पाठीवर आखला की पुढून तो उलटाच दिसणार. नवरा तुकड्याची पाठ बघत होता, ती पुढची बाजू बघत होती, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर होती.

"अहो, आठ दिवस तुम्ही मला उलटं शिकवलंत."

"मी? कापले कुणी?"

तिनं त्याला चहा टाकायला पिटाळलं.

शिकण्यापेक्षा शिकलेलं पुसण्यात तिच्या नाकी नऊ आले. नवे बाण कापले, तेही पुठ्ठा पालथा ठेवून. आणि नवऱ्याची जागा बदलली. आता तो तिच्या पाठीमागे उभा राहायचा, तिच्या खांद्यावरून हात पुढे काढून तुकडा धरायचा, आणि दोघं एकाच बाजूनं बघायची.

सकाळी बाजाराच्या रिकाम्या मैदानात गाडीचे धडे तर पहिल्या परीक्षेच्या आधीपासूनच चालू होते. क्लच, गिअर इथवर ठीक होतं, मशीन चालवलेले हातपाय ते लवकर शिकले. घोडं अडलं ते आठाच्या आकड्यात. वळणावर गाडी कलली की ती पुढच्या चाकाकडे बघायची आणि पाय टेकायची. नवऱ्यानं ओरडून पाहिलं, विनवून पाहिलं, शेवटी हात टेकले. मग दगडावर बसून त्यानं शांतपणे विचारलं, "शिवताना तू सुईकडे बघतेस का?"

सुईकडे कोण बघतं? शिवण जिथं जायची आहे तिथं, दोन बोटं पुढं बघायचं. तिनं गाडी फिरवली, चाकावरची नजर काढून समोरच्या वळणावर ठेवली, आणि आठ पुरा केला.

दुसऱ्या खेपेला पडद्यावर आकडा आला, एकोणीस. चुकलेला एकच प्रश्न, मागे बसणाऱ्यानं काय धरावं? बरोबर उत्तर होतं, सीटच्या मागची कडी. हिनं निवडलं होतं, चालकाचा खांदा. सव्वीस वर्षं तिनं दुसरं काही धरलंच नव्हतं.

मैदानातला आठही निघाला. थांबताना क्लच विसरली आणि गाडी आचका देऊन बंद पडली, पण रेषेच्या आत. बाईंनी कागदावर शिक्का मारला. "आता डावीकडून निघा बाहेर," त्या म्हणाल्या, आणि बरोबर डावीकडूनच निघते का ते चष्म्यावरून बघत राहिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी चार सीटा पोचवायच्या होत्या. दोन पुढे टाकीवर बांधल्या, दोन नवऱ्याच्या पाठीला. तो मागे चढला, इकडे सरकला, तिकडे सरकला, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर आला.

"कडी धरा," ती म्हणाली. "परीक्षेत विचारतात."

त्यानं कडी शोधल्यासारखं केलं आणि हात होता तिथंच राहू दिला. गाडी निघाली. पूल ओलांडला की रस्ता वळतो, तिथं खांबावर वाकडा बाण होता. सव्वीस वर्षांत ती हजारदा तरी त्याच्यापुढून गेली असेल.

"डावं वळण," ती पुढून म्हणाली.

"बरोबर," मागून आवाज आला. "आणि मागचा फोम बदलायला हवा गं. माझी पाठ मोडली."

"कधीपासून सांगतेय," सीटवाली म्हणाली, आणि नजर वळणाच्या पुढं ठेवून तिनं गाडी कलती केली.