पत्र्याची पाठ

गाडीचा पत्रा पुढून बघतो तो गिऱ्हाईक आणि मागून बघतो तो कारागीर. हे वाक्य माझं नाही, मास्तरांचं आहे. ते म्हणताना मास्तर हटकून माझ्याकडे बोट करायचे, म्हणजे मी जिथं उभा नसायचो त्या दिशेला. आंधळ्याचं बोट, त्याला काय बोलणार? मी पेंटर. पत्रा जोडून, घासून झाला की माझ्याकडे येतो. मी खाचखळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी भरतो, घोटतो आणि रंग मारतो. कारागिराचं पाप पेंटर पोटात घालतो, असं मास्तरांचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं.

मास्तरांनी चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे जोडले आणि मग काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. वेल्डिंगनं गेले असं कुणी हळहळून म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "वेल्डिंगनं जातात ते काळी काच न धरता काम करणाऱ्या गाढवांचे." डोळे गेले तरी वर्कशॉपची पद्धत त्यांनी सोडली नाही. कुणाचंही काम संपलं की मास्तर पत्र्याच्या पाठीवरून तळवा फिरवायचे. पुढची बाजू ग्राइंडरनं घासून सपाट होते, पण मागे प्रत्येक टाक्याचा बारीक मणी राहतो. त्या मण्यांवरून मास्तर हात कुणाचा ते ओळखायचे आणि गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं सांगायचे. आमच्या रस्त्यावर ज्याचा हात मास्तरांनी सांगितला त्याच्याकडे गाड्या यायच्या. ज्याचा सांगितला नाही, तो मग पंक्चर काढायचा.

सगळ्यात सोपा ओळखायला त्यांच्या मुलाचा हात. तो टाके जोडीजोडीनं मारायचा, दोन मणी चिकटून आणि मग अंगठ्याएवढी मोकळी जागा. हात सोन्यासारखा, बाकी माणूस कवडीमोलाचा. दोन वर्षांपूर्वी तो बायकोला आणि बापाला सोडून दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईकडे निघून गेला. त्याच्या मागोमाग दोघे कारागीरही गेले. वेल्डिंगचं मिग मशीन, गॅसची टाकी आणि आंधळा म्हातारा एवढंच मागे राहिलं. आणि सून, कारण तिला परत जायला माहेर उरलं नव्हतं.

तिनं वेल्डिंगची गन हातात घेतली तेव्हा मी हसलो होतो. मी खोटं कशाला सांगू?

"बाबा, मला शिकवा," ती म्हणाली.

"पत्रा म्हणजे भाकरी नाही, सूनबाई, करपली तर कुत्र्याला घालायला. बरं, पकड. बघू किती जाळतेस."

बारीक पत्रा जोडणं म्हणजे कागदाला विस्तवानं टाके घालणं. एक मिलिमीटरसुद्धा जाडी नाही. गन क्षणभर जास्त थांबली की भोक पडतं, आधी सुटली की टाका वरच्यावर बसतो आणि बोटानं निघून येतो. तिनं पहिल्या दिवशी एकवीस भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी भीतीनं सलग रेघच ओढली, तर पत्रा तापून पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वेडावाकडा झाला. मास्तर बाजूच्या स्टुलावर कान देऊन बसलेले. "गन खोकतेय तुझी. तार जास्त सोडतेयस." मग थोड्या वेळानं, "आता ती खोकतही नाही, मेली." पण नेमकं काय करायचं ते कधी सांगायचे नाहीत. चूक कुठं झाली तेवढं सांगायचे, आणि तेही गिऱ्हाईक दारात असताना.

मग त्यांनी तारेची टूम काढली. जाळलेला प्रत्येक तुकडा तिनं दाराच्या चौकटीवरच्या तारेत ओवून टांगायचा. दार उघडलं की तुकडे एकमेकांवर वाजायचे. कोण आलं, कोण गेलं ते मास्तरांना त्या आवाजावरून कळायचं आणि येणाऱ्याला ते हौसेनं सांगायचे, "आमच्या सूनबाईंचे दागिने आहेत हो." लोक हसायचे. त्यात मीही होतो. सहा महिन्यांत दागिने चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाले.

एकदा चहा पिताना मी तिला म्हटलं, "सोड ना हे. भांडी घासशील तरी पोट भरेल."

"पोट भरेल," ती म्हणाली. तिच्या मनगटावर ठिणग्यांचे डाग होते, नवे लाल आणि जुने काळे. "मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय, पेंटर. हा सुनेचा हात. गिऱ्हाइकासमोर. एकदा म्हटलं ना, की मग मी कुणाची बायको म्हणून इथं पडून आहे असं कुणी म्हणणार नाही."

ते म्हणणाऱ्यांत माझी बायको पहिली होती.

शिकवणारा शिकवत नाही म्हटल्यावर तिनं दुसरा मास्तर शोधला. माळ्यावर एका गाडीचं जुनं दार पडलं होतं, तिच्या नवऱ्यानं जोडलेलं. ते तिनं खाली काढलं. दुपारी जेवणानंतर मास्तर मागच्या खोलीत आडवे व्हायचे, तेव्हा ती डोळे मिटून त्या दाराच्या पाठीवर बोटं फिरवत बसायची. दोन टाके, मोकळी जागा. दोन टाके, मोकळी जागा. मग एक टाका या टोकाला आणि पुढचा त्या टोकाला, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. मध्ये थांबून, पत्र्याला हात लावता येईल एवढा तो निवेपर्यंत वाट बघायची. मागे तांब्याची पट्टी धरायची, म्हणजे भोक पडत नाही, ही युक्ती मी दिली. माझी तेवढीच पुण्याई.

मग एका औषधवाल्याची पांढरी गाडी आली. मागच्या चाकावरचा पत्रा गंजून चाळण झाला होता. कुजका भाग कापून नवा तुकडा बसवायचा होता. तिनं ते काम दोन दुपारींत केलं. गनचा आवाज मी माझ्या रंगाच्या केबिनमधून ऐकत होतो. कढईत तळण सोडल्यावर येतो तसा, एकसारखा आणि खोकल्याशिवाय. तिनं घासून ठेवल्यावर मी पुढून हात फिरवला. जोड सापडेना. वीस वर्षांत पहिल्यांदा मला लांबीचा डबा उघडावासा वाटला नाही.

संध्याकाळी औषधवाला आला. मास्तरांना आम्ही गाडीपाशी नेलं. त्यांनी आतून हात घातला आणि पाठीवरून तळवा फिरवला. एकदा आणि मग परत. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं ओठ दातांखाली धरला होता.

"आला," मास्तर म्हणाले. "माझा मुलगा परत आला."

कुणाला काही कळेना.

"हा त्याचा हात आहे. माझ्या मुलाचा. दुपारी येऊन काम करून गेला वाटतं. बापाला तोंड दाखवायची लाज वाटते त्याला."

"बाबा," ती म्हणाली, "मी केलंय. इथं कुणी आलं नाही."

"नवऱ्याच्या कामाचं श्रेय घेऊ नये, सूनबाई."

तिनं एक तुकडा चिमट्यात धरला, हेल्मेट ओढलं आणि त्यांच्यासमोर टाके मारले. दोन, मोकळी जागा, दोन. मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ते गनच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "बोल ना रे. बापाशी बोल. रागावलो नाही मी." औषधवाल्याचे डोळे भरून आले. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं हेल्मेट बराच वेळ काढलं नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मास्तर, ती सहा महिने मरमर मरतेय, मी बघितलंय, एवढं म्हणायला काय लागतं? पण मास्तरांच्या शेडमध्येच माझी केबिन होती, आणि उद्या त्यांनी कुठल्या दिशेला बोट केलं असतं कोण जाणे. मी म्हणालो, "मी केबिनमध्ये होतो बुवा."

औषधवाल्याच्या दुकानात अख्खा रस्ता येतो. आठ दिवसांत बातमी सगळीकडे झाली आणि पंधराव्या दिवशी मुलगा खरोखरच दारात उभा राहिला. तारेतले तुकडे वाजले. त्या दुसऱ्या बाईनं त्याला हाकलून दिलं होतं, असं पुढं कळलं. आपल्या नावानं कोण काम करतंय ते बघायला आला म्हणे. सुनेकडे बघून म्हणाला, "बरी आहेस?" मास्तरांनी त्याचा चेहरा चाचपला आणि त्याला गनपाशी उभं केलं.

निघून गेल्यापासून त्यानं गनला हात लावला नव्हता. एका टॅक्सीच्या दाराला खालून तुकडा लावायचा होता. पहिला तुकडा त्यानं जाळला, तो कापून टाकावा लागला. दुसरा कसाबसा बसवला, पण टाके कुठं फुगलेले आणि कुठं खचलेले. टॅक्सीवाला समोर उभा. सूनबाई तीन हातांवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मास्तरांनी पाठीवरून तळवा फिरवला आणि सावकाश मागे घेतला.

"हा सुनेचा हात," ते टॅक्सीवाल्याला म्हणाले. "अजून शिकतेय. काळजी करू नका, मुलगा नीट करून देईल."

ज्या वाक्यासाठी तिनं मनगटं भाजून घेतली होती, ते तिला असं मिळालं. मुलगा बुटांकडे बघत राहिला. मी डब्यात रंग ढवळत राहिलो. तिनं तांब्या खाली ठेवला, खुंटीवरचे आपले चामड्याचे हातमोजे काढले आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवले. "घ्या, बाबा. गरम नाहीत." मग जमिनीवर पडलेला, नवऱ्यानं जाळलेला तुकडा उचलला आणि तारेत शेवटी ओवला. तो वाजला. दुसऱ्या दिवसापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसच्या बॉड्या बांधतात त्या शेडमध्ये जायला लागली. तिथं पत्र्याच्या पाठीवरून कुणी हात फिरवत नाही. चाचणीत दोन पत्रे जोडायला दिले, जोड बघितला आणि म्हणाले, उद्यापासून या.

महिनाभरानं मला राहवलं नाही. "मास्तर, तो औषधवाल्याचा पत्रा तिचाच होता."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

मी हातातला डबा खाली ठेवला.

"पेंटर, मी आंधळा आहे, बहिरा नाही. दुपारी मी झोपतो असं तुला वाटतं? पहिल्या टाक्यापासून ऐकत होतो. त्याच्यापेक्षा बरा हात आहे तिचा. तो घाई करतो, ती थांबते."

"मग?"

"औषधवाल्याला सांगितलं की सगळीकडे होतं. पोराच्या कानावर जायला हवं होतं. गेलं. आला."

"आणि टॅक्सीचं दार?"

"पोराची गिऱ्हाइकासमोर लाज काढू?" त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "सून परक्याची. शिकली की जाणारच होती. आता ती तार काढून टाक. त्याला तो आवाज सहन होत नाही."

मी तार काढली. दागिने भंगारात गेले. त्यानंतर मास्तर रोज स्टूल ओढून मुलाच्या बाजूला बसायचे आणि शिकवायचे. काय ते शिकवणं! "जरा थांब, निवू दे. घाई नाही. भोक पडलं तर पडू दे, सगळ्यांचं पडतं." तिला शिव्या घालूनही जे सांगितलं नव्हतं, ते याला पाठीवर हात ठेवून सांगत होते. मुलाचा हात काही परत येईना. गाड्या कमी व्हायला लागल्या. तो दिवसेंदिवस गप्प होत गेला.

परवा दुपारी मी एका दारावर रंग मारत होतो. कॉम्प्रेसर घरघरत होता, त्यात गनचा आणि पावलांचा आवाज बुडून जात होता. मुलानं गन हूकवर अडकवली, हेल्मेट मशीनवर ठेवलं, पिशवी उचलली आणि माझ्याकडे एकदा बघून उघड्या दारातून निघून गेला. दारात वाजायला काही नव्हतं.

मास्तर बोलतच होते. "आता त्या टोकाला एक मार. शाब्बास. आता थांब. तुझ्या हातात जे आहे ना, ते कुणाच्याच हातात नाही." त्यांनी हात पुढं करून हवेत चाचपला, मुलाची पाठ सापडली नाही, तेव्हा तो वाकला असेल असं समजून ते हसले आणि परत बोलायला लागले.

माझा रंग कधीच मारून झाला होता. तिच्या वेळी मी गप्प बसलो तो भीतीनं. या वेळी भीती नव्हती आणि दयाही नव्हती. म्हातारा आणखी थोडा वेळ असाच बसावा असं मला मनापासून वाटत होतं.

मी कॉम्प्रेसर बंद केला नाही.