ओल्या फडक्यातले गहू

लातूर-बार्शी एसटीत त्या आजी माझ्या शेजारी बसल्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि मांडीवर ओल्या फडक्याचं गाठोडं. त्याचं पाणी ठिबकून माझी पँट भिजली, तसा मी वैतागलो. त्या मात्र सारख्या गाठ सोडून आत बघायच्या आणि बाटलीतलं पाणी शिंपडायच्या.

"उसळीला का?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"न्हाई बाबा. मोडाचे गहू हायत, कोंबड्यांना. मुरुडाजवळ बॉयलरचं शेड हाय आमचं. लातुरात लेकीकडं गेलते, तर तिथंच भिजू घातले."

"तुम्ही कोंबडी खाता?"

"छे! आमच्यात चालत न्हाई."

"मग कशाला एवढा खटाटोप? पोत्यातलं खाद्य असतंच की."

"असतंय की. पण ते कोरडं." त्यांनी पदरानं माझा गुडघा पुसला. "महिनाभराचे पाव्हणे ते. पाव्हण्याला नुसतं कोरडं वाढत्यात व्हय?"

मुरुड आलं. उतरताना त्यांनी मूठभर गहू माझ्या हातावर ठेवले.

"घे बाबा. तुला अजून लांब जायचंय."

इवल्या पांढऱ्या मोडांचे ते गोडसर गहू मी ओल्या पँटनं बसून बार्शीपर्यंत पुरवून पुरवून खाल्ले.