‘हो, चालू आहे, या’

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे पुसट झाली. कलमे विसरलो, आरोपींचे चेहरे विसरलो. ती घटना मात्र आजही आठवते, आणि तिची सुरुवात एका साध्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीने झाली होती.

मी तेव्हा जळगाव शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून आदल्या दिवसाची स्टेशन डायरी वाचत होतो. रुग्णालयातून खबर आली होती : पहूरजवळच्या गावची बाई, वय अडतीस, कापसाच्या शेतात साप चावला, उपचार सुरू होण्यापूर्वी मृत्यू. अशा नोंदी आमच्या भागात नेहमीच्या. मी सही केली आणि पान उलटले.

अकराच्या सुमारास शहरातल्या मेहरूण भागातला एक पानटपरीवाला ठाण्यात आला. वयस्कर माणूस, सगळे त्याला नाना म्हणत. टोपी हातात धरून उभाच राहिला.

“साहेब, तक्रार कोणाविरुद्ध करायची तेच कळत नाही. माझ्या टपरीसमोर एक इमारत आहे. दवाखाना होणार म्हणतात, पण वर्षभर शटर बंद आहे. तरी लोक येतात. मोबाईल दाखवतात आणि विचारतात, दवाखाना कुठंय. काल दुपारी तर गाडीतून एक बाई आणली. साप चावलेली. डोळे उघडत नव्हते तिचे. मी म्हटलं, अहो, इथं दवाखाना नाहीच. तर तिची पोरगी माझ्यावरच ओरडली. म्हणे आत्ताच फोन केलाय, चालू आहे म्हणाले. शटर वाजवत राहिली.”

“किती वेळ?”

“दहा मिनिटं. जास्तच असेल. तिला माझं खरं वाटेना, साहेब.”

मी उलटलेले पान परत काढले. बाई तीच होती.

तिसऱ्या दिवशी बाप आणि मुलगी जबाब द्यायला आले. मुलगी अकरावीत होती. बाप शेतकरी, बोलायला कमी. मुलीकडे बोट दाखवून म्हणाला, “हिनंच काढला नंबर, साहेब. आमच्या घरात हीच शिकेल हाये.” हे वाक्य तो यापूर्वी कितीतरी वेळा कौतुकाने बोलला असणार. त्या दिवशी सवयीने तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकवले नाही. तो खिडकीकडे वळला.

मुलगी न रडता बोलत होती. “मी मोबाईलवर सापाचा दवाखाना शोधला. सगळ्यात वर तोच होता. चोवीस तास चालू, असं लिहेल होतं. मी फोन लावला. त्याले सांगितलं, साप चावला हाये, आईले आणू का? तो हो म्हणला. अजिंठा चौफुलीवर बाबा म्हणत होते, सरकारी दवाखान्यात चल. मीच गाडी मेहरूणकडे घ्यायले लावली.”

मग तिने मला विचारले, “साहेब, माझीच चूक झाली ना?”

मी म्हणालो, “जबाब वाचून बघ आणि इथे सही कर.”

तिने दिलेल्या नंबरचा कॉल तपशील मागवला. तिचा फोन लागला होता. बोलणे एकोणीस सेकंदांचे. पण तो नंबर डॉक्टरचा नव्हता, कंपाउंडरचाही नव्हता. तो निघाला एका व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्याने ऑफिस चालवणाऱ्या तिशीतल्या तरुणाचा. आम्ही त्याला चौकशीला आणले. शिकलेला होता, घाबरला होता, आणि लपवण्यासारखे आपल्याकडे काही आहे असे त्याला वाटतच नव्हते. तपासात असा माणूस सर्वांत अवघड.

“तुझा धंदा काय?” मी विचारले.

“वेबसाइटचा प्रचार करतो, सर. नवी वेबसाइट कुणाला माहीत नसते. मग मी तिचं नाव, पत्ता, फोन इंटरनेटवरच्या डिरेक्टऱ्यांमध्ये भरतो. पूर्वी टेलिफोनची जाडी डिरेक्टरी यायची ना, तशाच, पण शेकडो. सगळीकडे तोच पत्ता, तोच नंबर दिसला की शोधणाऱ्याला ती वेबसाइट वर दिसायला लागते. याला महिने लागतात, म्हणून त्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले आत्तापासून भरून ठेव, उद्घाटनापर्यंत नाव वर येईल.”

“सुरू न झालेला दवाखाना चोवीस तास चालू कसा?”

“फॉर्म रिकामा ठेवला तर पुढे जात नाही, सर. वेळ भरावीच लागते. अजून सुरू व्हायचाय, असा रकानाच नसतो.”

“आणि नंबर तुझा का?”

“प्रत्येक ठिकाणी ओटीपी येतो. ग्राहकाला दर वेळी कुठे विचारत बसू? म्हणून सगळ्यांचा माझाच नंबर टाकतो.”

“त्या दुपारी एका मुलीचा फोन आला होता. काय म्हणालास तिला?”

“आठवत नाही, सर. खरंच नाही. दिवसाला खूप फोन येतात.”

आमचे हवालदार मूळचे धुळ्याकडचे. दारात उभे होते. ते अहिराणीत म्हणाले, “आते बठ्ठं सांगी टाक भाऊ, साहेबले येळ नही शे.” म्हणजे, आता सगळं सांगून टाक. तो तरुण नुसता मान हलवत राहिला. मला तो खोटे बोलतोय असेच वाटले. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तीन तास गेले.

मग टेबलावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. मी खुणेनेच सांगितले, घे, स्पीकर लाव.

पलीकडून कोणी शेतकरी विचारत होता, “सरकी पेंड भेटीन का हो तुमच्याकडे?”

“हो, चालू आहे, या,” तरुण म्हणाला आणि फोन ठेवला.

हवालदार हसले. “अरे, पेंड कधीपासून विकतोस?”

“विकत नाही. माझ्या एका ग्राहकाचं दुकान...” आणि तो बोलता बोलता थांबला. मी त्याच्याकडे पाहत होतो. हवालदारांचे हसूही विरले.

“सगळ्यांना हेच सांगतोस?”

“डिरेक्टरीवाल्यांची माणसं फोन करतात, सर. पत्ता खरा आहे का, चालू आहे का, विचारतात. नाही म्हटलं किंवा गोंधळलो की बंद म्हणून शिक्का मारतात, सगळी मेहनत जाते. म्हणून सवय लावून घेतली. कुणाचाही आला तरी हो, चालू आहे, या. पुढचं ऐकतसुद्धा नाही मी.”

थोड्या वेळाने त्याने विचारले, “ती काय म्हणाली होती?”

मी जबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचला. नंतर त्याला पाणी द्यावे लागले.

आमच्या भाषेत प्रकरण उलगडले होते. प्रत्यक्षात हातात काही नव्हते. डॉक्टर म्हणाले, मी फक्त वेबसाइट लोकांपर्यंत पोहोचव म्हणालो होतो, कुठे काय भरले ते मी पाहिले नाही. तेही खरे होते. हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचे कलम लावता येईल का, यावर सरकारी वकिलांचा अभिप्राय मागवला. रुग्णालयाचे म्हणणे आले की पंधरा-वीस मिनिटे आधी आणले असते तर बाई वाचली असती असे खात्रीने सांगता येत नाही. तिथेच साखळी तुटली. मी न्यायालयात गुन्हा उभा राहत नसल्याचा समरी अहवाल पाठवला आणि फाइल बंद झाली.

डिरेक्टऱ्यांना पत्रे लिहिली, ती नोंद काढा म्हणून. काहींनी काढली. काहींची यंत्राने लिहिलेली उत्तरे आली. तो तरुण स्वतः ठाण्यात येऊन बसायचा, यादी दाखवायचा. म्हणायचा, “सर, मी भरल्या त्यातल्या बऱ्याच काढल्या. पण या डिरेक्टऱ्यांनी एकमेकींच्या नोंदी उतरवून घेतल्यात. जिथे मी कधी भरलंच नाही, तिथेही दिसतेय.” एक दिवस तो यायचा थांबला. ऑफिस बंद करून गाव सोडून गेला, असे कळले.

माझी पत्नी शाळेत शिक्षिका होती. माझ्या प्रकरणांबद्दल ती फारसे विचारत नसे. या एकाबद्दल मात्र तिने विचारले होते, “त्या मुलीला सांगितलंत का, तिची चूक नव्हती म्हणून?”

मी म्हणालो होतो, “तपासात ते येत नाही.”

ती पुन्हा काही वेळा विचारत राहिली. मी दर वेळी, सांगेन, म्हणालो. गेल्या वर्षी ती गेली. घरात विचारणारे कोणी उरले नाही, तेव्हा मी गावात चौकशी केली. मुलीने बारावीनंतर शिक्षण सोडले होते. पारोळ्याला दिली होती.

मी पारोळ्याला गेलो. तिने ओळखले. खुर्ची दिली, पदराने हात पुसत समोर उभी राहिली. मी इतकी वर्षे न बोललेले वाक्य बोललो. “तुझी चूक नव्हती, बेटा.”

“बाबाबी तेच म्हणतात,” ती म्हणाली. “पण गाडी तर मीच वळवली ना, साहेब.” माझी समजूत घालत असल्यासारखा तिचा आवाज होता. घरात स्मार्टफोन होता, पण ती त्यावर काही शोधत नाही, असे तिच्या नवऱ्याने हसत सांगितले. रिक्षासुद्धा कोपऱ्यावर जाऊन स्वतः बघून आणते म्हणे.

निघताना तिने विचारले, “साहेब, ते मोबाईलमधलं काढून टाकलं ना आता? दुसरं कोणी नको जायले तिथं.”

त्याच सकाळी निघण्यापूर्वी मी शोधून पाहिले होते. त्या इमारतीत आता गोदाम आहे. दवाखाना कधी सुरू झालाच नाही. पण त्याचे नाव तिथे होते, वरून तिसरे. मेहरूणचा पत्ता, आणि खाली हिरव्या अक्षरांत, चोवीस तास चालू.

“हो,” मी म्हणालो. “काढलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

या प्रकरणाने काय शिकवले, असे मला विचारतात. नोकरीभर मी खोटे बोलणाऱ्यांना समोर बसवले. खोट्याच्या मागे हेतू असतो आणि हेतू सापडला की माणूस सापडतो, हेच मी धरून चाललो. त्या तरुणाच्या मनात हेतू नव्हता. फोन आला आणि त्याने हो म्हटले. पारोळ्यात तिने विचारले, आणि मीही तेच केले.