घर का आदमी

परवा लातूरच्या एका एसी हॉटेलात माझ्या मुलीनं मॅनेजरला चांगलंच धारेवर धरलं. बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता. "हा ऐच्छिक असतो ना? मग आम्हाला न विचारता कसा लावला?" तिचं बरोबर होतं. मॅनेजर मुकाट्यानं नवं बिल करायला गेला, तशी ती माझ्याकडं वळली. "आणि बाबा, तुम्ही टीप कधी बशीत का ठेवत नाही? उठून उभं राहता अन् वेटरच्या हातात देता. काय भानगड आहे ही?" मी म्हटलं, "सवय आहे." खोटं बोललो. खोटं बोलायची सवय मात्र माझी खरीच जुनी आहे.

माझे वडील वेटर होते. एवढं एक वाक्य मी पन्नाशीपर्यंत कुणासमोर बोललो नाही.

आम्ही देवणीकडचे. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली आणि दादा, म्हणजे माझे वडील, आईला आणि मला घेऊन लातूरला आले. वर्षभर दोघांनी सरकारी कामावर खडी फोडली. मग गंजगोलाईजवळ एका मुसलमान चाचांच्या हॉटेलात दादांना काम लागलं. "चाचानी नाव इचारलं, जात न्हाई इचारली," हे दादा जन्मभर सांगत राहिले.

त्या हॉटेलात कागदी बिल नव्हतं. गिऱ्हाईक उठलं की वेटरनं जागेवरूनच गल्ल्याकडं ओरडायचं. "लाल पगडी, बारा आने!" "चश्मेवाले, दो रुपये!" गिऱ्हाईक गल्ल्यापाशी पोचेस्तोवर चाचांना आकडा कळलेला असायचा. दादांचा आवाज तर असा खणखणीत, की रस्त्यावरचे हमाल वळून बघायचे. चाचांच्या घरचं, नात्यातलं कुणी जेवून उठलं की मात्र आकडा नसायचा. वेटर नुसतं ओरडायचा, "घर का आदमी!" आणि चाचा गल्ल्यावरून हात हलवायचे, जा म्हणून.

दादा टीप घेत नसत. बडीशेपेच्या बशीत कुणी नाणं टाकून गेलं, तर दारापर्यंत पळत जाऊन परत द्यायचे. "राहू द्या मालक, पगार हाय मला." बाकीचे वेटर हसायचे. आई चिडायची. "लई मोठे लागून गेले! चार पैसे घेतले तर हात झडतेत का?" दादा शांतपणे म्हणायचे, "गावात वरून टाकलेलं घेण्यात आपल्या बापजाद्यांचा जन्म गेला. माझ्या बापानं दीक्षा घेतली अन् ते बंद केलं. आता मी बशीतून उचलू का?"

मी कॉलेजात गेलो तेव्हापासून दादांनी एकच गोष्ट मनात धरली होती. चाचा त्यांना म्हणाले होते, "तेरा बेटा नौकरी पे लगके यहाँ खाने आयेगा, उस दिन तू घर का आदमी बोल. एक पैसा नहीं लूंगा मैं." हे सांगताना दादा आमच्या एका खोलीत तसं ओरडून दाखवायचे. शेजारची बाई डोकावायची, काय झालं हो? आई तोंडाला पदर लावून म्हणायची, "काय न्हाई, आमचे हे याड लागल्यावानी करायलेत."

लातूर जिल्हा झाला. नवं कलेक्टर ऑफिस उघडलं आणि मी तिथं कारकून म्हणून लागलो. दादा रोज विचारायचे, "मग, कवा येतूस हॉटेलात?" मी म्हणायचो, "पगार तर होऊ द्या." ऑफिसात सगळे उस्मानाबादहून, औरंगाबादहून बदलून आलेले. वडील काय करतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि मी सांगून बसलो, "शेतीचं बघतात." शेती! आमच्या नावावर कोथिंबीर लावायला जागा नव्हती.

पहिला पगार झाला तसे तिघं जण पार्टीसाठी मागं लागले. त्यांना त्याच हॉटेलात जायचं होतं, तिथल्या खिम्याचं गावात नाव होतं. मी मंगळवार ठरवला. मंगळवारी दादांची सुट्टी असायची. इतका ठरवून नालायकपणा मी केला. पण त्या मंगळवारी दुसरा वेटर आजारी पडला आणि चाचांनी दादांना बोलावणं धाडलं. मी सकाळीच ऑफिसला गेलेलो, मला काय ठाऊक!

आम्ही बसतोय न बसतोय तोच खांद्यावर फडकं टाकून दादा समोर. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, पोरगं न सांगता आलं, दोस्तांना घेऊन आलं. ते काही बोलणार तेवढ्यात मी भिंतीवरच्या पाटीकडं बघत म्हणालो, "चार खिमा आणा. आणि आधी पाणी."

दादांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या तिघांकडं. "जी," म्हणाले. पाणी आणलं, ताटं आणली. तिघांतला एक जण म्हणाला, "ए, रोटी गरम आण रे." माझ्या बापाला! आणि मी खाली मान घालून खिमा खात राहिलो.

जेवण झाल्यावर त्यानंच मला डोळ्यानं खुणावलं, टीप ठेव. मी बडीशेपेच्या बशीत नोट ठेवली आणि मग माझ्या ध्यानात आलं. आता दादा ती परत करणार, पगार हाय म्हणणार, हे तिघं चौकशी करणार आणि सगळं बाहेर पडणार. दादांनी बशी उचलली. नोट घेतली. मला सलाम केला. त्यांनी जन्मात घेतलेली ती एकच टीप, आणि ती माझी लाज झाकायला घेतली.

मग ते गल्ल्याकडं वळले. चाचांनी मला ओळखलं होतं. त्यांचा हात अर्धा वर गेलेला होता, ते हसत दादांच्या ओरडण्याची वाट बघत होते. दादांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं हो! मी बडीशेप चघळत रस्त्याकडं बघितलं.

"सफेद शर्टवाले साहब," दादा ओरडले, "अठ्ठाईस रुपये!"

आवाज नेहमीसारखाच खणखणीत. चाचांचा हात खाली आला. त्यांनी माझे पैसे घेतले, सुटे परत दिले. माझ्याकडं बघितलं नाही.

दादांनी हे आईलाही कधी सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून "कवा येतूस" हे विचारणं बंद झालं. मी माफी मागायचं ठरवत राहिलो. आधी लग्न, मग बदली, मग मुलगी झाली. सगळ्या सबबी. एक वाक्य बोलायला माणसाला किती वर्षं लागावीत?

माझी नांदेडला बदली झाली होती तेव्हा दादा आजारी पडले. मी त्यांना नांदेडलाच आणलं. दवाखान्यात ताप उतरेना आणि ते भ्रमात बडबडायला लागले. "लाल पगडी, बारा आने! चश्मेवाले, दो रुपये!" आजूबाजूचे पेशंट हसायचे. मी उशाशी बसून वाट बघायचो, की एकदा तरी ते दुसरं वाक्य ओरडतील. तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी राहवलं नाही. त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "दादा, चुकलो मी. मी आलोय बघा, तुमच्या हॉटेलात. घर का आदमी म्हणा ना मला."

दादांनी डोळे उघडले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या दिवशी मी ऑफिसातून तसाच आलो होतो, अंगात पांढरा शर्ट होता. ते घाईघाईनं उठायला लागले. खांद्यावर नसलेलं फडकं चाचपलं, पलंगावरची जागा हातानंच पुसली आणि म्हणाले, "बसा साहेब, बसा. काय आणू?"