आवाजातल्या निशाण्या

“चालू द्या मॅडम, निशानी मारली म्या.”

वाचताना माझी जीभ अडखळली की कोपऱ्यातून एवढंच ऐकू यायचं. तो संगणकाची एक कळ दाबायचा, पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेवर खूण उमटायची. मी ते वाक्य पुन्हा वाचायची. नंतर तो खुणेखुणेवर जाऊन चुकलेलं वाक्य कापायचा, आणि सोबत आपलं बोलणंही.

अमरावतीत लग्नाच्या व्हिडिओंना गाणी जोडणारा हा माणूस. मी निवृत्त प्राध्यापिका. त्याच्या गाद्या लावलेल्या खोलीत आम्ही दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी इतिहासाची पुस्तकं ध्वनिमुद्रित करत होतो. प्रत्येक धड्याच्या आरंभी तो वेगळी खूण ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट तिथे जाता यावं. बाकीच्या खुणांना नावं असत: ‘पान उलटलं’, ‘मॅडमले ठसका’, ‘शेजारी कुकर’. शिट्टी झाली की म्हणायचा, “थांबा. त्यायची दाळ शिजू द्या, मंग मोगलायकडे जाऊ.”

काम स्वच्छ हवं म्हणून पहिल्या पुस्तकातले माझे सगळे श्वास त्याने खुणा करकरून काढून टाकले. बार्शीटाकळीहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा फोन आला: “भाऊ, मॅडम कुठी थांबतच नाहीत. आयकता आयकता मलेच धाप लागून राहिली!”

त्याने एकेक श्वास परत बसवला. “घ्या मॅडम, जिवंत केलं तुमाले,” म्हणाला. तुम्हालाही असा माणूस कुठेतरी भेटला असेल, आपली चूक हसत दुरुस्त करणारा.

या उन्हाळ्यात तो अचानक गेला. त्याच्या बायकोने पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. “तुमचं पुस्तक राह्यलं ना मॅडम? ते नेहमी बोलायचे त्याचं.” शेवटचा धडा कापायचा राहिला होता. त्या मुलीची परीक्षा जवळ आलेली.

मी हेडफोन लावून पहिल्या खुणेवर गेले, तर कानात त्याचाच आवाज. पुऱ्या झालेल्या सगळ्या पुस्तकांतून त्याने स्वतःला काढून टाकलं होतं. या एका धड्यात तेवढा तो उरला होता. “पानी घ्या मॅडम, घसा सुकला तुमचा.” मूळ फाईल माझ्याकडे राहणारच होती, तरी कापायला हात चालेना. पण त्या मुलीला धडा हवा होता. मी कापला.

कापलेल्या जागी आवाजात खड्डा पडतो, कानाला तो लगेच कळतो. म्हणून वाचन सुरू करण्याआधी तो रोज नुसती खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवायचा. तिचेच तुकडे मी त्याच्या वाक्यांच्या जागी भरले आणि धडा पाठवून दिला.

ती शांततेची फाईल अजून अधूनमधून ऐकते. तिच्यात पंखा बंद आहे, मी पुस्तक उघडून गप्प आहे, आणि खुर्ची वाजू नये म्हणून तो न हलता बसला आहे.